उपजत जादू की घोकलेली जादू: सॉर्सरर आणि विझार्ड यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र रंगवत खेळायचा खेळ) नव्या कॅम्पेनसाठी, म्हणजे लांबणाऱ्या कथेसाठी, अशी नायिका हवी आहे, की जादू तिच्या रक्तातच आहे, पण पुढे गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसून ती घडली आहे. मग जादूगारांच्या दोन वर्गांपैकी सॉर्सरर (जन्मजात जादूचा) घ्यावा, विझार्ड (वहीतून शिकणारा) घ्यावा, की दोन्ही मिसळावेत? आणि नियमांच्या दृष्टीने उपजत देणगी मोठी की अभ्यास?

खालचे सगळे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, कारण अजून बरीच टेबलं, म्हणजे खेळणारे गट, त्याच नियमांवर चालतात. २०२४ मध्ये काय बदललं ते मध्येच एका परिच्छेदात सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. सॉर्सरर म्हणजे देणगी आणि विझार्ड म्हणजे मेहनत, अशी सरळ वाटणी नियमांत नाही. विझार्डचा सगळा डोलारा इंटेलिजन्सच्या (बुद्धीच्या) आकड्यावर उभा असतो आणि तो आकडा बहुतांशी पात्र जन्माला घालतानाच ठरतो. १९७८ च्या नियमांत तर हे फार उघड होतं. इंटेलिजन्स ९ असेल तर एखादा स्पेल (मंत्र) समजण्याची शक्यता ३५ टक्के, १८ असेल तर ८५ टक्के. फासा फसला की तो स्पेल तुमच्या नशिबात नाही, मग कितीही घोका. उलट सॉर्सररसुद्धा लेव्हल (पात्राच्या अनुभवाचा टप्पा) चढल्याशिवाय तिसऱ्या पातळीचा (स्पेलची ताकद पातळीने मोजतात) स्पेल टाकू शकत नाही, म्हणजे रियाज त्यालाही चुकलेला नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची कारणं सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून एकच हेतू मानला. या दोन वर्गांकडे तसंच पाहिलं तर हिशोब सुटतो. तिन्ही गोष्टी दोघांकडे आहेत. फरक आहे तो अभ्यासाने काय वाढतं यात. विझार्डचा साठा वाढतो, सॉर्सररचा हात वळता होतो.

साठ्याचे आकडे बघा. विझार्ड पहिल्या लेव्हलला वहीत ६ स्पेल घेऊन येतो आणि प्रत्येक लेव्हलला २ फुकट मिळवतो. पाचव्या लेव्हलला १४, विसाव्याला ४४. शिवाय सापडलेल्या वह्या आणि स्क्रोल (स्पेल लिहिलेली गुंडाळी) यांतून उतरवून घेतलेले वेगळे, त्यांना वरची मर्यादाच नाही. यातले रोज तयार ठेवता येतात ते लेव्हल अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर (आकड्यावरून निघणारी भर, १८ ला +४) इतके. सॉर्सररला पहिल्या लेव्हलला २ स्पेल येतात, पाचव्याला ६, दहाव्याला ११ आणि विसाव्याला फक्त १५. लेव्हल चढताना एक जुना टाकून एक नवा घेता येतो, बस. म्हणून सॉर्सररचा एक चुकीचा स्पेल पुढची लेव्हल येईपर्यंत सलतो, विझार्डची चूक दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारते.

आता पाचव्या लेव्हलचा एक दिवस जवळून पाहू, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. दोघांचे स्लॉट, म्हणजे दिवसभरात स्पेल टाकायच्या संधी, सारखेच: पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३, तिसऱ्या पातळीचे २. समजा दोघांनाही दिवसात शक्य तितके फायरबॉल (तिसऱ्या पातळीचा, आगीच्या स्फोटाचा स्पेल) टाकायचे आहेत. विझार्ड दोन टाकतो, तासभराचा शॉर्ट रेस्ट घेतो आणि आर्केन रिकव्हरी या विझार्डच्या सोयीने लेव्हलच्या निम्मे (वर पूर्ण करून), म्हणजे ३ पातळ्यांचे स्लॉट परत मिळवतो. त्यात तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट बसतो. एकूण तीन फायरबॉल. सॉर्सररकडे ५ सॉर्सरी पॉइंट असतात आणि तिसऱ्या पातळीचा स्लॉट बनवायला बरोबर ५ लागतात. त्याचेही तीनच फायरबॉल. संख्या तीच, पण विझार्डने त्यासाठी काहीच गमावलेलं नाही आणि सॉर्सररचं सगळं भांडवल संपलं आहे. आता त्याच्याकडे मेटामॅजिकसाठी, म्हणजे स्पेलला वेगळं वळण देण्यासाठी, एक पॉइंटही नाही, म्हणजे उरला तो कमी स्पेल येणारा विझार्ड.

म्हणून माझं ठाम मत आहे, पॉइंट मोडून स्लॉट बनवणं हा सॉर्सररचा शेवटचा उपाय असावा, रोजची सवय नाही. उलटा व्यवहारही आहे. स्लॉट मोडला की त्याच्या पातळीइतके पॉइंट मिळतात. पहिल्या पातळीचा स्लॉट बनवायला २ लागतात आणि मोडून १ मिळतो, हा तोटा लक्षात ठेवला तरी लढाई आटोक्यात आल्यावर उरलेले बारके स्लॉट मोडून पॉइंट जमवणं पुष्कळदा फायद्याचं ठरतं. मात्र दिवस संपायच्या आत वापरा. लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) झाला की पॉइंट पुन्हा लेव्हलइतके होतात, आणि त्याहून जास्त ते दिवसाही कधी साठवता येत नाहीत.

हात वळता होतो म्हणजे काय, ते मेटामॅजिकमध्ये दिसतं. तिसऱ्या लेव्हलला दोन प्रकार निवडता येतात, दहाव्याला तिसरा, सतराव्याला चौथा. यात तीन चुका सर्रास होतात.

पहिली चूक केअरफुल स्पेलची. एक पॉइंट देऊन करिश्माच्या (व्यक्तिमत्त्वाचा आकडा, सॉर्सररची जादू यावर चालते) मॉडिफायरइतके सोबती निवडायचे, त्यांचा सेव्ह, म्हणजे स्पेलपासून बचावाचा फासा, आपोआप यशस्वी होतो. लोक हे फायरबॉलला लावतात आणि मित्र भाजले की चक्रावतात. फायरबॉलमध्ये यशस्वी सेव्ह म्हणजे निम्मं नुकसान. ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, यांची सरासरी २८, म्हणजे सोबत्याला १४ बसणारच. केअरफुल लावायचा तो हिप्नॉटिक पॅटर्नसारख्या स्पेलला, जिथे सेव्ह यशस्वी झाला की काहीच होत नाही. ३० फुटांच्या घनात शत्रू आणि मित्र मिसळून उभे आहेत, करिश्मा १८ आहे, तर चार मित्र शाबूत राहतात आणि बाकीच्यांना विझडम सेव्ह करावा लागतो. फायरबॉलमधून मित्र खरोखर वाचवायचे असतील तर ते काम अभ्यासवाल्याचं आहे. इव्होकेशन शाखेचा विझार्ड दुसऱ्या लेव्हलपासून स्कल्प्ट स्पेल्स वापरतो. एक अधिक स्पेलची पातळी, म्हणजे फायरबॉलला चार जण, आणि त्यांना शून्य नुकसान, तेही फुकट. हे उदाहरण मुद्दाम सांगितलं, कारण जादूला वळण फक्त सॉर्सररच देतो असं वाटत असेल तर ते खरं नाही.

दुसरी चूक क्विकन्डची. २ पॉइंट देऊन स्पेल पाळीतल्या छोट्या जादा कृतीने, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने टाकता येतो, पण मग त्याच पाळीत अ‍ॅक्शनने फक्त कँट्रिप (स्लॉट न लागणारा हलका स्पेल) चालतो. एका पाळीत दोन फायरबॉल बसत नाहीत. क्विकन्डचा खरा उपयोग फायरबॉल टाकून वर डॉज (वार चुकवणं) किंवा डिसएंगेज (सुरक्षित माघार) करायला होतो.

तिसरी ट्विन्डची. स्पेलच्या पातळीइतके पॉइंट द्यायचे आणि तो दुसऱ्यावरही पडतो, पण स्पेल एका वेळी एकालाच लागणारा हवा. हेस्ट (चपळ करणारा स्पेल) दोन लढवय्यांवर टाकणं ही याची लाडकी खेळी, खर्च ३ पॉइंट. मात्र टाकणाऱ्याची एकाग्रता (मार बसला की सेव्ह करून टिकवावी लागते) तुटली की हेस्ट दोघांवरून एकदम उतरतो आणि दोघंही पुढच्या पाळीत ना हलू शकत ना काही करू शकत. निम्मी फळी गारद. तेव्हा ट्विन्ड हेस्ट टाकणाऱ्याने मागे आडोशाला उभं राहायचं, हे ठरवूनच टाका.

सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रकार म्हणजे सटल, एका पॉइंटचा. शब्द नाही, हातवारे नाहीत. दरबारात सगळ्यांदेखत चार्म पर्सन (भुरळ घालणारा स्पेल) टाका, टाकताना कुणाला कळत नाही. शत्रूच्या जादूगाराला काउंटरस्पेल करायला, म्हणजे तुमचा स्पेल हाणून पाडायला, तुम्ही स्पेल टाकताना दिसावे लागता. सटल लावला आणि स्पेलला साहित्य लागत नसेल, तर त्याला दिसण्यासारखं काही उरतच नाही. काउंटरस्पेलला स्वतःला फक्त हातवारे लागतात, म्हणून सटल काउंटरस्पेल पुन्हा काउंटर होत नाही. फायरबॉलला मात्र साहित्य लागतं, तिथे ही पळवाट चालत नाही. उपजत जादूचं खरं चित्र मला यातच दिसतं: बोलावं लागत नाही, दाखवावं लागत नाही.

देणगीची आणखी एक बाजू शरीराची. सॉर्सररला कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) सेव्हची प्रोफिशियन्सी (सरावाची वाढीव भर) असते, विझार्डला नसते. पाचव्या लेव्हलला दोघांचं कॉन्स्टिट्यूशन १४ धरलं आणि १० चा एकाग्रता सेव्ह आला, तर सॉर्सरर +५ ने ८० टक्के वेळा टिकतो, विझार्ड +२ ने ६५ टक्के. एका लढाईत असे तीन-चार सेव्ह येतात, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

आणि देणगीचा धोका वाइल्ड मॅजिक या सॉर्सररच्या शाखेत. पहिल्या किंवा वरच्या पातळीचा स्पेल टाकल्यावर डीएम (खेळ चालवणारा) सांगेल तेव्हा २० चा फासा टाकायचा. १ आला तर शंभराच्या तक्त्यावर टाकायचा. तिथे ०७ किंवा ०८ आला तर फायरबॉल तुमच्यावरच केंद्र धरून फुटतो. पहिल्या लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या सॉर्सररचे हिट पॉइंट (अंगातला जीव) ८. सरासरी २८ बसले की ० च्या खाली उरलेले २० हे त्याच्या कमाल हिट पॉइंटपेक्षा जास्त, म्हणजे जागेवर मृत्यू, डेथ सेव्हसुद्धा नाही. सेव्ह जमला तर १४ बसतात आणि तो बेशुद्ध पडतो, निदान वाचवता येतो. शक्यता दर स्पेलमागे हजारात एक. पण टाइड्स ऑफ केऑस ही याच शाखेची शक्ती वापरल्यानंतर डीएम थेट तक्त्यावर टाकायला लावू शकतो, तेव्हा ती पन्नासात एक होते. ‘उपजत पण अनावर’ अशी नायिका हवी असेल तर नियमांत ती इथे आहे. पहिल्या दोन लेव्हलना हा तक्ता कसा चालवायचा, ते डीएमशी आधीच बोलून घ्या.

आता वही. विझार्डवर खरा अन्याय होतो तो इथे, कारण बहुतेक टेबलांवर वही ही नुसती यादी असते. नियम असे: सापडलेला स्पेल उतरवायला त्याच्या दर पातळीमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी. फायरबॉल म्हणजे ६ तास आणि १५० नाणी. इव्होकेशन शाखेच्या विझार्डला तोच ३ तासांत आणि ७५ नाण्यांत. स्क्रोलवरून उतरवत असाल तर आर्केना चेक (जादूच्या ज्ञानाचा फासा), गाठायचा आकडा १० अधिक स्पेलची पातळी. चेक जमो न जमो, स्क्रोल नष्ट होतो. म्हणून स्क्रोल हाती आला की लगेच उतरवायला बसू नका. ज्या मुक्कामी कुणी मदत करून दोन फाशांतला चांगला घ्यायची सवलत, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज देऊ शकेल तिथपर्यंत थांबा. दुसऱ्याच्या वहीतून उतरवताना ही भीती नसते, त्यामुळे हरलेल्या शत्रू-विझार्डची वही हीच सगळ्यात मोठी लूट.

स्वतःच्या वहीची दुसरी प्रत स्वस्त पडते: दर पातळीमागे १ तास आणि १० नाणी. पाचव्या लेव्हलच्या वहीत साधारण पहिल्या पातळीचे ८, दुसऱ्या पातळीचे ४ आणि तिसऱ्या पातळीचे २ स्पेल असतात. पातळ्यांची बेरीज २२, म्हणजे २२ तास, २२० नाणी आणि कोऱ्या वहीचे ५०. २७० नाण्यांत आयुष्यभराच्या विद्येचा विमा. तरीही फार थोडे खेळाडू प्रत काढतात.

प्रत नसताना वही चोरीला गेली किंवा जळाली तर? त्या दिवशी तयार असलेले स्पेल डोक्यात राहतात आणि तेवढे नव्या वहीत उतरवता येतात. वरच्याच विझार्डचा इंटेलिजन्स १८ असेल तर तयार ९ स्पेल, समजा ४, ३ आणि २ असे. बेरीज १६, म्हणजे १६ तास आणि १६० नाणी. उरलेले ५ स्पेल गेले ते गेले, पुन्हा कुठे सापडतील तेव्हा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तयार यादी बदलायला वहीच समोर लागते, त्यामुळे वही गेल्याच्या रात्री तयार यादीत काय आहे यावरच तुमचं पुढचं भवितव्य ठरतं. लांबच्या प्रवासात पुन्हा सहज न मिळणारे स्पेल तयार ठेवण्याची सवय यासाठीच लावावी.

वहीतून मिळणारा आणखी एक लाभ विधींचा. रिच्युअल खूण असलेला स्पेल विझार्ड तयार न करता, स्लॉट न घालवता, दहा मिनिटं जास्त देऊन वहीतूनच टाकतो. डिटेक्ट मॅजिक, आयडेंटिफाय, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, पाचव्या लेव्हलपासून लिओमंड्स टायनी हट (सुरक्षित निवाऱ्याचा घुमट). सॉर्सररला यातलं काही विधी म्हणून करता येत नाही. गुहेत रात्र काढायची असते तेव्हा टायनी हट येणाऱ्याची किंमत कळते.

यावरून टेबलाचा प्रश्न येतो. दिवसाला एकच मोठी लढाई होत असेल, तर सॉर्सरर सगळे पॉइंट तिथेच ओततो आणि विझार्ड फिका पडतो. दिवसात पाच-सहा चकमकी, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट, शोध, कुलपं, अनोळखी लिपी असं सगळं असेल, तर पारडं विझार्डकडे झुकतं. वर्ग निवडण्याआधी डीएमला तीन गोष्टी विचारा: दिवसात किती लढाया, शॉर्ट रेस्टला वेळ मिळतो का, आणि साहसांच्या मध्ये मोकळे दिवस असतात का. शेवटच्याचं उत्तर नाही असेल तर विझार्डची वही लेव्हलच्या दोन-दोन स्पेलांपुरतीच राहील. डीएम असाल तर विझार्डला दर दोन लेव्हलमागे निदान एक उतरवण्याजोगा स्पेल आणि तो उतरवायला एक निवांत दिवस द्या. सॉर्सररला असे प्रसंग द्या, जिथे तोच स्पेल वेगळ्या तऱ्हेने टाकणं हाच तोडगा असतो: मेजवानी, खटला, ओलिसांची सुटका.

या दोघांमधली सीमारेषा कायम एका जागी राहिलेली नाही. सॉर्सरर पहिल्यांदा आला तो २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. तेव्हा त्याला वरच्या पातळीचे स्पेल विझार्डपेक्षा एक लेव्हल उशिरा मिळत, आणि मेटामॅजिक ही शिकलेल्या माणसाची विद्या होती. विझार्ड ते बोनस फीट (जादा कौशल्य) म्हणून घेई, सॉर्सररला ते वापरायचं तर जास्त वेळ लागे. २०१४ ला तेच उचलून सॉर्सररच्या रक्तात घातलं. २०२४ च्या नियमांत मेटामॅजिक दुसऱ्याच लेव्हलला येतं, पहिल्या लेव्हलला इनेट सॉर्सरी मिळते (एक मिनिट सेव्हचा आकडा एकने वर आणि हल्ल्यांना अ‍ॅडव्हान्टेज, लाँग रेस्टला दोनदा), आणि विसाव्या लेव्हलला सॉर्सररचे तयार स्पेल २२ होतात, विझार्डचे २५. साठ्यातली दरी बरीच बुजली, वही आणि तयार न करता वहीतून विधी टाकण्याची सोय मात्र विझार्डकडेच राहिली.

आता तुमच्या पात्राकडे. निम्मे-निम्मे लेव्हल घेऊ नका, ही सगळ्यात महागडी चूक. सॉर्सरर ३ आणि विझार्ड ३ केलात तर सहाव्या लेव्हलचे स्लॉट मिळतात, त्यात तिसऱ्या पातळीचे ३ येतात, पण तुम्हाला येणारे स्पेल दुसऱ्या पातळीपर्यंतचेच. सोबतचा साधा विझार्ड फायरबॉल टाकत असतो आणि तुम्ही मोठ्या स्लॉटमधून लहान स्पेल.

मिसळ न करता चव हवी असेल तर फीट आहेत. चौथ्या लेव्हलला विझार्डने २०२० च्या पूरक पुस्तकातला मेटामॅजिक अ‍ॅडेप्ट घेतला तर दोन प्रकार आणि २ पॉइंट मिळतात. सटल त्यात हवाच. किंमत म्हणजे आकडा वाढवण्याची संधी जाते, इंटेलिजन्स १६ वर अडकतो, सेव्हचा आकडा आणि तयार स्पेल एकेकाने कमी. उलट बाजूने, सॉर्सररने रिच्युअल कास्टर घेऊन विझार्डची यादी निवडली तर विधींची वही मिळते. त्याला इंटेलिजन्स किंवा विझडम १३ लागतो, आणि उतरवण्याचा खर्च विझार्डसारखाच.

पण तुम्ही जे वर्णन केलंय, आधी रक्त आणि मग गुरू, त्याला मी एकच लेव्हल सॉर्सरर आणि पुढे सगळा विझार्ड असं बांधेन. पहिली लेव्हल सॉर्सररचीच हवी, कारण कॉन्स्टिट्यूशन सेव्ह फक्त पहिल्या वर्गाचे मिळतात. आकडे १५, १४, १३, १२, १०, ८ असे असतील तर १५ इंटेलिजन्सला (वंशाचा बोनसही तिथेच), १४ कॉन्स्टिट्यूशनला, १३ करिश्माला, १२ डेक्स्टेरिटीला. वर्ग बदलायला करिश्मा आणि इंटेलिजन्स दोन्ही १३ लागतात, ते यात बसतं. तोटा एवढाच की तिसऱ्या पातळीचे स्पेल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला येतात. दुसऱ्या लेव्हलला विझार्डची वही सहा स्पेलांसह मिळते. ती गोष्टीत कुठून आली, गुरूने दिली की वारशात आली, ते डीएमशी आधी ठरवा.

सॉर्सररचे दोन स्पेल करिश्मावर चालतात आणि तो १३ च आहे, म्हणून सेव्ह किंवा हल्ला लागणारं काही घेऊ नका. शिल्ड (ढाल) आणि फेदर फॉल (पिसासारखं हळू पडणं) घ्या. चार कँट्रिपही तसेच: लाइट, मेज हँड, मेंडिंग, प्रेस्टिडिजिटेशन. हल्ल्याचे कँट्रिप विझार्डच्या बाजूने येतील. दोन्ही स्पेल रिअ‍ॅक्शनचे आहेत, म्हणजे आपली पाळी नसतानाही झटकन टाकता येणारे, हे बरोबर जुळतं. बाण अंगावर येतो तेव्हा, कड्यावरून पाय सुटतो तेव्हा, विचार करायच्या आत हात उठतो. पुढे दहाव्या लेव्हलला तिची वही नदीत वाहून गेली, तरी हे दोन स्पेल तिला सकाळी वाचून तयार करावे लागत नाहीत.